फ्रेंच माणसाचं इंग्रजी 'नाही': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात बसून ऑनलाइन फ्रेंचभाषक प्रौढांना इंग्रजी शिकवते. त्यावर लिहायला लागल्यापासून मराठी वाचकांचे प्रश्न येत राहतात. कुणी स्वतः शिकवतात, कुणाची अर्धी टीम फ्रान्समध्ये बसते, कुणी लग्न होऊन तिकडे गेल्यात. सर्वांत जास्त प्रश्न मतभेद, विरोध आणि नकार यांच्या शब्दांवर येतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

इंग्रजीतले हे शब्द तर बरेचसे फ्रेंचमधूनच आले. मग फ्रेंच माणसाला ते वेगळे शिकवायचे कशाला?

फ्रेंचमधून आले, म्हणूनच शिकवायचे. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर बसला आणि पुढे बराच काळ दरबार आणि कोर्टकचेरी फ्रेंचमध्ये चालली. कोर्टातला खटला इंग्रजीत बोलून चालवावा, असा कायदा १३६२ मध्ये झाला, आणि गंमत म्हणजे तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. कोर्टात जातात ती भांडणं, त्यामुळे भांडणाची शब्दसंपत्ती तिथूनच आली: आर्ग्यू, क्वॉरल, डिबेट, डिनाय, रिफ्यूज, चॅलेंज. त्यानंतर कित्येक शतकं हे शब्द दोन घरांत वेगवेगळे वाढले. चुलत भावंडांसारखं झालं आहे, नाकीडोळी सारखी पण स्वभावाचा मेळ नाही.

जपानी विद्यार्थी 'आर्ग्यू' दिसला की डिक्शनरी उघडतो. फ्रेंच विद्यार्थी उघडत नाही, कारण त्याला वाटतं हा तर आपलाच. माझ्या अनुभवात त्याच्या निम्म्या चुका या ओळखीच्या चेहऱ्यांमुळे होतात. 'चॅलेंज'चा प्रवास तर न्याराच. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेला, मूळ घरी विसरला गेला आणि पुढे इंग्रजी माल म्हणून फ्रेंचमध्ये परतला. आज फ्रेंच माणूस त्याला 'शालाँज' म्हणतो आणि परका समजतो.

माझा फ्रेंच सहकारी सारखा 'आय ॲम नॉट ॲग्री' म्हणतो. इतकी साधी चूक सुटत का नाही?

कारण त्याच्या डोक्यात 'झ न स्वी पा दाकोर' चालू असतं, म्हणजे शब्दशः 'मी सहमतीत नाही'. तिथे 'असणे' हे क्रियापद आहे, म्हणून तो इंग्रजीतही 'ॲम' घालतो. हसण्याआधी आपलं 'मी सहमत नाही' आठवा. आपल्याकडच्या मीटिंगमध्येही 'आय ॲम नॉट ॲग्री' ऐकू येतं, आणि कारण तेच आहे.

इंग्रजीत 'ॲग्री' हेच क्रियापद, म्हणून 'आय डोन्ट ॲग्री'. फ्रेंचमध्ये त्याचं सख्खं भावंड 'आग्रेए' अजून आहे, पण ते औपचारिक पत्राच्या शेवटच्या वाक्यात 'कृपया स्वीकार व्हावा' या अर्थाने बसलेलं असतं. त्यामुळे बोलताना त्याचा आधार मिळत नाही. मी विद्यार्थ्यांना 'ॲग्री' सुटा शिकवतच नाही, पहिल्या दिवसापासून 'आय डोन्ट ॲग्री विथ' एवढा अख्खा तुकडा पाठ करून घेते. माणसाशी किंवा मताशी 'विथ', विषयाबाबत 'ऑन' किंवा 'अबाउट'.

'आर्ग्युमेंट', 'डिस्प्यूट' आणि 'डिस्कशन' यांत फ्रेंच लोक नेमके कुठे अडखळतात?

तिन्ही ठिकाणी. आधी मराठी शब्द समोर ठेवू, आपल्याकडे यांची चांगली चळत आहे: मुद्दा, युक्तिवाद, चर्चा, मतभेद, हुज्जत, बाचाबाची, भांडण, खडाजंगी.

फ्रेंच 'आर्ग्युमाँ' म्हणजे मुद्दा किंवा युक्तिवाद, बस. त्यात आवाज चढत नाही. इंग्रजी 'आर्ग्युमेंट' मात्र मुद्दाही असतो आणि भांडणही. 'आय हॅड ॲन आर्ग्युमेंट विथ माय बॉस' असं फ्रेंच माणूस निरागसपणे सांगतो. त्याला म्हणायचं असतं की माझ्याकडे एक मुद्दा होता. ऐकणाऱ्याला वाटतं, साहेबाशी वाजलं.

'डिस्प्यूट'चं उलटं होतं. फ्रेंच 'स दिस्प्यूते' म्हणजे भांडणं. दोन लहान भावंडं रिमोटवरून भांडतात तेही हेच. इंग्रजी 'डिस्प्यूट' फाइलवर लिहिण्याजोगा आहे: सीमावाद, पगाराचा वाद, बिलावरची हरकत. 'माय किड्स आर डिस्प्यूटिंग' म्हटलं की मुलांनी वकील केलेत असं वाटतं. तिथे 'आर्ग्यूइंग', किंवा ब्रिटनमध्ये 'रोइंग'. हा 'रो' उच्चाराने 'राउ' होतो, होडी वल्हवणारा 'रो' वेगळा.

'दिस्क्यूते' म्हणजे बोलणं, गप्पा, चर्चा. पण फ्रेंच आई मुलाला 'न दिस्क्यूत पा' म्हणते तेव्हा त्याचा अर्थ 'हुज्जत घालू नकोस' असा असतो. इंग्रजी 'डिस्कस'ला ही छटा नाही, तिथे 'डोन्ट आर्ग्यू' हवं. शिवाय 'डिस्कस अबाउट' ही चूक फ्रेंच आणि मराठी माणसं हातात हात घालून करतात. 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही.

मीटिंगमध्ये आमचे फ्रेंच क्लायंट तोंडावर 'नो, इट्स फॉल्स' म्हणतात. ते खरंच चिडलेले असतात का?

बहुतेक वेळा अजिबात नाही. पाच मिनिटांनी तेच तुमच्याबरोबर हसतखेळत जेवायला येतील.

दोन कारणं आहेत. पहिलं शब्दाचं. फ्रेंचमध्ये 'से फो' म्हणजे 'हे बरोबर नाही', रोजच्या वापरातलं वाक्य. इंग्रजीत 'दॅट्स फॉल्स' परीक्षेच्या पेपरवर किंवा आरोप फेटाळताना शोभतं, समोरच्याच्या तोंडावर म्हटलं की तो खोटं बोलतोय असा वास येतो. 'दॅट्स नॉट क्वाइट राइट' पुरे.

दुसरं कारण शाळेतलं आहे. फ्रान्समध्ये बारावीच्या तोडीच्या बाकालोरेआ परीक्षेत तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर असतो. त्यात निबंध लिहायचा झाला तर शिकवलेला ठरलेला साचा असा: आधी एक बाजू, मग तिचा प्रतिवाद, मग दोन्हींना सांधणारा तिसरा भाग. प्रतिवाद नसेल तर निबंध अर्धवट समजला जातो. अशा शाळेतून आलेला माणूस तुमच्या प्रस्तावाला विरोध करतो, तेव्हा त्याच्या मते तो प्रस्ताव गांभीर्याने घेत असतो. आपल्याकडे याच्या उलट. साहेबांसमोर गप्प बसणं म्हणजे शहाणपण, आणि मग बाहेर चहाच्या टपरीवर खरी मतं. मला विचाराल तर फ्रेंच पद्धत वेळ वाचवते, पण इंग्रजीत तिला थोडं तूप लावावं लागतं.

मी विद्यार्थ्यांना एक जिना देते. खालच्या पायरीवर 'आय सी युवर पॉइंट, बट...'. त्यावर 'आय ॲम नॉट शुअर दॅट्स राइट', मग 'आय डोन्ट थिंक सो', मग 'आय डिसॲग्री'. सर्वांत वर 'यू आर राँग', आणि तिथे चढण्याआधी राजीनामा खिशात ठेवावा. फ्रेंच माणूस सहज चौथ्या पायरीवर उभा राहतो, कारण त्याच्या भाषेत ती तळमजल्यावर आहे. 'विथ रिस्पेक्ट' हा शब्दप्रयोग पहिल्या पायरीचा वाटतो, पण ब्रिटिश माणूस तो म्हणतो तेव्हा बहुधा पुढचं वाक्य जड असतं.

मजा म्हणजे ब्रिटिशांच्या संसदेतला सर्वांत मवाळ नकार फ्रेंचमध्येच आहे. विधेयकाला राजाची संमती आजही नॉर्मन फ्रेंच वाक्याने जाहीर होते. संमती नाकारायची तर वाक्य असं: 'राजे विचार करतील'. म्हणजे आपलं 'बघू, कळवतो'. ते शेवटचं वापरलं गेलं १७०८ मध्ये, राणी ॲनने स्कॉटलंडच्या नागरी सैन्याचं विधेयक अडवलं तेव्हा.

फ्रेंच ग्राहकाची तक्रारीची ईमेल आली: 'यू प्रिटेंड दॅट द पार्सल वॉज डिलिव्हर्ड. आय डिमांड ॲन एक्स्प्लनेशन.' उत्तर कसं द्यावं?

शांतपणे. फ्रेंच 'प्रेताँद्र' म्हणजे दावा करणे, इंग्रजी 'प्रिटेंड' म्हणजे सोंग आणणे. त्याला लिहायचं होतं, 'पार्सल पोचवल्याचं तुमचं म्हणणं आहे'. फ्रेंच शब्दात थोडी शंका असतेच, पण ढोंगाचा आरोप नसतो. 'क्लेम' हा शब्द त्याने वापरायला हवा होता.

'दमाँदे' म्हणजे नुसतं विचारणं. कॅफेत बिलही 'दमाँदे' करतात. इंग्रजी 'डिमांड' म्हणजे ठणकावून मागणी, मोर्च्यातली.

अशाच पत्रांतून आणखी तीन चुका येतात. 'आय इग्नोर द रीझन' म्हणजे त्याला कारण ठाऊक नाही ('इन्योरे'), दुर्लक्ष केलेलं नाही. 'आय ॲम डिसीव्ड' म्हणजे तो निराश आहे ('देस्यू'), फसवला गेलेला नाही. आणि 'युवर ड्रायव्हर इंजर्ड मी' वाचून विमा कंपनीला फोन करण्याआधी विचारून घ्या, कारण 'इंज्युरिए' म्हणजे शिवी देणे.

'डिनाय', 'रिफ्यूज', 'रिजेक्ट', 'रिफ्यूट' यांतला फरक एका ओळीत सांगता येईल का?

एका ओळीत नाही, चार वाक्यांत येईल. जे घडल्याचं बोललं जातंय ते नाकारणं म्हणजे 'डिनाय'. पुढे करायची गोष्ट करायला नकार म्हणजे 'रिफ्यूज'. समोर आलेला प्रस्ताव फेटाळणं म्हणजे 'रिजेक्ट'. पुराव्याने खोडून काढणं म्हणजे 'रिफ्यूट'.

फ्रेंचमध्ये 'निए' आणि 'रफ्यूझे' अशी जोडी आहेच, त्यामुळे अर्थ पटकन कळतो, अडतं ते पुढच्या क्रियापदाच्या रूपावर. 'रिफ्यूज'नंतर 'टू गो', 'डिनाय'नंतर 'गोइंग'. फ्रेंचमध्ये दोन्हींनंतर मूळ रूपच चालतं, म्हणून 'ही डिनाइड टू टेक द मनी' कानावर येतं. 'रिफ्यूट'बद्दल एक सावधगिरी: इंग्रजी बातम्यांत तो हल्ली नुसत्या 'डिनाय'च्या अर्थाने सर्रास वापरतात. परीक्षेत तसं लिहू नये.

'आय ऑपोज मायसेल्फ टू धिस' हे कुठून आलं?

'झ मोपोझ आ' या फ्रेंच रचनेतून, म्हणजे 'मी स्वतःला अमुकच्या विरुद्ध ठेवतो'. इंग्रजीत 'ऑपोज' थेट कर्म घेतं: 'आय ऑपोज द प्लॅन'. 'मायसेल्फ' नको, 'टू'ही नको.

एकदा नियम हाती आला की तीन चुका एकदम सुटतात. विरोध करणे, प्रतिकार करणे, आज्ञा मोडणे या तिन्ही क्रियापदांना फ्रेंचमध्ये 'आ' हे अव्यय लागतं, इंग्रजीत 'ऑपोज', 'रेझिस्ट' आणि 'डिसओबे' यांना काहीच लागत नाही. आपणही 'योजनेला विरोध' म्हणताना 'ला' लावतो, म्हणून मराठी शिक्षकाच्या नजरेतून ही चूक निसटते.

अपवाद दोन, आणि दोन्ही रोजचे. 'आय ऑब्जेक्ट टू इट' आणि 'आय ॲम ऑपोज्ड टू इट'. इथे 'टू' हवाच, आणि त्यापुढे क्रियापद आलं तर 'पेइंग' रूपात, 'पे' नाही. 'ऑपोज्ड टू पे' ही चूक चांगल्या चांगल्यांकडून होते.

फ्रेंचमध्ये 'हो'ला दोन शब्द आहेत म्हणे, 'वी' आणि 'सी'. मग इंग्रजीत 'सी' कसं म्हणायचं?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न.

साध्या प्रश्नाला फ्रेंच माणूस 'वी' म्हणतो. पण समोरच्याने नकारार्थी काही म्हटलं आणि ते खोडायचं असेल तर 'सी'. 'तू आला नाहीस काल?' यावर 'सी!' म्हणजे 'आलो होतो की!' आपला हा शेवटचा 'की' म्हणजेच फ्रेंचांचा 'सी'. मराठी विद्यार्थ्याला फ्रेंच शिकवताना मी एवढंच सांगते आणि विषय संपतो.

इंग्रजीकडे हा शब्द होता आणि त्यांनी तो हरवला. पूर्वीच्या इंग्रजीत चार उत्तरं होती: साध्या प्रश्नाला 'ये' आणि 'ने', नकारार्थी प्रश्नाला 'येस' आणि 'नो'. म्हणजे 'येस' हाच तेव्हाचा 'सी'. १५३२ मध्ये कट्टर कॅथलिक थॉमस मोर यांनी प्रोटेस्टंट विचारांच्या विल्यम टिंडल यांच्या बायबल भाषांतरावर टीका करताना, याला 'ने' आणि 'नो' यांतला फरक कळत नाही असं सुनावलं होतं. वाद अर्थातच धर्माचा होता, व्याकरण हे हाताला लागलेलं हत्यार. पुढे 'ये' आणि 'ने' मागे पडले आणि उरलेल्या दोघांवर चौघांचं काम आलं.

आता इंग्रजीत 'सी'चं काम साहाय्यक क्रियापदावर जोर देऊन होतं: 'येस, आय *डिड*'. फ्रेंच विद्यार्थी 'मे सी!'चं शब्दशः 'बट येस!' करतो, ते इंग्रजी कानाला विचित्र लागतं. 'ऑफ कोर्स आय डिड' म्हणावं.

मग आपण 'हो, नाही आलो' म्हणतो ते फ्रेंच माणसाला कसं ऐकू येतं?

पूर्ण उलटं. 'सो द टेस्टिंग इजन्ट डन?' असं विचारल्यावर आपला मुलगा 'येस' म्हणतो, मनात 'हो, बरोबर, झालं नाही'. पलीकडच्या फ्रेंच बाईंच्या डोक्यात नकारार्थी वाक्याला आलेला होकार म्हणजे 'सी', अर्थात काम झालं आहे. त्या खूश होऊन कॉल बंद करतात. माझ्या एका विद्यार्थिनीच्या टीममध्ये हे अगदी असंच घडलं आणि सोमवारी सकाळी मोठी धावपळ उडाली. उपाय एकच. नकारार्थी प्रश्नाला सुटं 'येस' किंवा 'नो' द्यायचंच नाही. 'नो, इट इजन्ट' किंवा 'येस, इट इज'.

'ऑन द कॉन्ट्ररी' कधी आणि 'ऑन द अदर हँड' कधी?

'उलट' आणि 'मात्र' यांतला फरक कळत असेल तर हा प्रश्न सुटला. 'तो आळशी नाही, उलट सर्वांत आधी येतो.' आधीचं म्हणणं पुसून टाकलं, म्हणून 'ऑन द कॉन्ट्ररी', फ्रेंच 'ओ कोंत्रेर'. 'घर लहान आहे, स्टेशन मात्र जवळ आहे.' दोन्ही गोष्टी खऱ्या, म्हणून 'ऑन द अदर हँड' किंवा नुसतं 'बट'. फ्रेंचमध्ये इथे 'पार कोंत्र' येतं आणि त्यातल्या 'कोंत्र'मुळे विद्यार्थी 'ऑन द कॉन्ट्ररी'कडे घसरतो.

फ्रेंच शुद्धतावादी 'पार कोंत्र'वर नाक मुरडतात आणि 'आँ रव्हाँश' वापरा म्हणतात. बोलताना कुणी ऐकत नाही.

'ऑल्दो', 'डिस्पाइट', 'नेव्हरदलेस' यांचं काय?

इथे फ्रेंच माणूस आपल्यापेक्षा बरा. 'जरी... तरी'मुळे आपण 'ऑल्दो... बट' अशी जोडी लावतो, तो लावत नाही. त्याची चूक 'डिस्पाइट ऑफ'. 'इन स्पाइट ऑफ'ला 'ऑफ' आहे, 'डिस्पाइट'ला नाही. पुढे पूर्ण वाक्य आलं तर 'डिस्पाइट द फॅक्ट दॅट', किंवा सरळ 'ऑल्दो'. 'नेव्हरदलेस'ला तो घाबरतो, पण त्याचा 'नेआँम्वँ' त्याच घडणीचा आहे, हे दाखवलं की भीती जाते.

फ्रेंच माणूस 'काँ मेम' म्हणतो त्याला इंग्रजी शब्द कोणता?

एक नाही. 'पाऊस होता, काँ मेम गेलो' इथे 'एनीवे' किंवा 'ऑल द सेम'. 'तो माझा भाऊ आहे, काँ मेम!' इथे 'आफ्टर ऑल'. आणि कुणी रांगेत घुसल्यावर नुसतंच 'नों मे, काँ मेम!' म्हटलं तर ते आपलं 'अहो, म्हणजे काय!' आहे. इंग्रजीत 'ओह, कम ऑन!' म्हणावं, नाहीतर ब्रिटिशांसारखं घसा खाकरावा.

बातम्यांमधला 'कॉन्टेस्ट' वाचून फ्रेंच विद्यार्थी गोंधळतो. का?

'ही इज कॉन्टेस्टिंग द इलेक्शन' हे वाक्य भारतीय वर्तमानपत्रात आलं तर माणूस निवडणूक लढवतोय. फ्रेंच 'कोंतेस्ते'मध्ये तो निकालावर हरकत घेतोय. अमेरिकन बातमीत दुसरा अर्थही निघू शकतो, संदर्भ पाहावा लागतो. लिहिताना टाळलेलं बरं: हरकतीसाठी 'चॅलेंज द रिझल्ट', लढण्यासाठी 'स्टँड' किंवा अमेरिकेत 'रन'. दंडाच्या पावतीला 'कॉन्टेस्ट' चालतं, दोन्ही भाषांत.

बातम्यांतलेच आणखी दोन: फ्रेंच 'पोलेमिक' म्हणजे गाजणारा वाद, इंग्रजीत त्याला 'कॉन्ट्रोव्हर्सी'. इंग्रजी 'पोलेमिक' म्हणजे झोडपणारा लेख किंवा भाषण. आणि 'मानिफेस्तास्यों' म्हणजे मोर्चा, 'डेमन्स्ट्रेशन'.

एक शब्दप्रयोग माझ्या आवडीचा. ब्रिटनच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, विरोधी मत 'नॉट कंटेंट' असं नोंदवतात, कनिष्ठ सभागृहात 'नो'. फ्रेंच 'पा कोंताँ' म्हणजे वैतागलेला. त्यामुळे लॉर्ड मंडळी मत देताहेत की रुसली आहेत, असं एका विद्यार्थ्याने मला विचारलं होतं.

क्वेबेक आणि मॉरिशसमध्येही हेच लागू होतं का?

बहुतांशी. क्वेबेकमध्ये, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंचभाषक प्रांतात, भांडण-हुज्जतीला 'सोस्तिने' हा खास शब्द आहे, हट्टी या अर्थाच्या शब्दावरून आलेला. पॅरिसच्या माणसाला तो गावरान वाटतो. तिथले विद्यार्थी रोज इंग्रजी ऐकतात, त्यामुळे 'प्रिटेंड'सारख्या चुका कमी होतात.

मॉरिशसमधल्या मराठी वाचकांची तर चैन आहे. घराबाहेर क्रिओल (फ्रेंचमधून घडलेली तिथली भाषा) आणि फ्रेंच, शाळेत इंग्रजी. तिथल्या संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी, पण सभासदाला अध्यक्षांसमोर फ्रेंचमध्येही बोलता येतं. 'सी'चा प्रश्न सोडवताना मात्र तेही आधी मराठीतल्या 'की'कडे जातात, असं एका वाचकाने कळवलं.

फ्रेंच आणि मराठी माणूस एकत्र करतात अशी एखादी चूक, जी दोघांनाही कळत नाही?

'ॲकॉर्डिंग टू मी'. फ्रेंच 'सलों म्वा', मराठी 'माझ्या मते', दोन्ही भाषांत निर्दोष. इंग्रजीत 'ॲकॉर्डिंग टू' दुसऱ्याच्या म्हणण्यासाठी राखून ठेवलं आहे: वेळापत्रकानुसार, डॉक्टरांच्या मते. स्वतःचं मत 'इन माय ओपिनियन' किंवा नुसतं 'आय थिंक'. पुणे-लियाँ कॉलवर दोन्ही बाजू तासभर एकमेकांना 'ॲकॉर्डिंग टू मी' ऐकवतात आणि कुणालाच खटकत नाही. तिसऱ्या खिडकीत एखादा लंडनवाला असला, तर तेवढ्याच वेळी त्याची भुवई हलते.